न खपलेला माल

प्रणिता: काकू, गेला तो! इस्त्री घेऊन गेला!

पद्मजा: मग? इस्त्रीत काय वाईट आहे? आपण इस्त्र्या विकतोच की.

प्रणिता: अहो, तो इथल्या धाटावच्या कंपनीतला साहेब होता. गाडी लावली, आत शिरला आणि सरळ म्हणाला, तो गेमचा नवा कन्सोल दाखवा. किती पडेल असंसुद्धा नाय विचारलं त्यानं. आणि तुम्ही त्याच्या हातात इस्त्री दिलीत.

पद्मजा: मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. कंपनीनं किंमत वाढवलीय, या भावानं कोणी शहाणा माणूस घेणार नाही, आणि खप बसला की गणपतीनंतर झक मारत उतरवतील. गिऱ्हाइकाला सावध करणं हे दुकानदाराचं काम असतं.

प्रणिता: काल मिक्सरवाल्या बाईला नाय केलंत सावध. मिक्सरचीपण वाढलीय.

पद्मजा: मिक्सर ही गरज आहे.

प्रणिता: परवाच्याला सांगितलंत, या मशीननं घर तापतं. त्याच्या आधीच्याला सांगितलंत, मान आखडते. आणि ती नागोठण्याची मॅडम, तिला तर विचारलंत, तुमच्याकडे साप निघतात का.

पद्मजा: मागून गरम हवा येते ना त्याच्या. उबेला साप येतो. वाचलंय मी कुठंतरी.

प्रणिता: कुठं?

पद्मजा: आठवत नाही. मीच म्हटलं असेन कधीतरी.

प्रणिता: काकू, आख्ख्या रोह्याच्या दुकानात एकच पीस आलाय. चार गिऱ्हाइकं आली, चारही तुम्ही परतवून लावलीत. खोकं इस्त्र्यांच्या मागं सारून ठेवलंत, वर कॅलेंडर लावलंत. मी काय आंधळी हाय? तुम्हाला तो विकायचाच नाय.

पद्मजा: हळू बोल गं. बाहेर चहावाला उभा आहे.

प्रणिता: नाय ना विकायचा?

पद्मजा: नाही.

प्रणिता: का?

पद्मजा: मला हवाय.

प्रणिता: यज्ञेशदादाला द्यायला?

पद्मजा: यज्ञेश पुण्याला बँकेत आहे. संध्याकाळी पळायला जातो आणि रात्री पालेभाज्यांचे रस पितो. माझ्या मुलाला अशा गोष्टींचा नाद नाही. नाद मला आहे. मला हवाय, पद्मजाला. वय चौपन्न, गुडघे दोन, दोन्ही खराब.

प्रणिता: तुम्ही... खेळता?

पद्मजा: हसायचं असेल तर त्या फ्रिजच्या मागं जाऊन हस.

प्रणिता: नाय हसत. काय खेळता?

पद्मजा: फुटबॉल.

प्रणिता: आता हसते हां, काकू.

पद्मजा: हस बाई. मलाही पहिले आठ दिवस आरशात बघून हसू येत होतं. ते आपलं जुनं मशीन नव्हतं का, काचेत ठेवलेलं, ज्याच्या रिमोटची कांडी एका बाजूला अडकायची? कोणी घेईना, म्हणून घरी नेलं. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा काकांचं घोरणं ऐकत बसण्यापेक्षा म्हटलं, लावून बघू. लागलं. मग नेट लावलं. तेही लागलं. आणि एक दिवस तीन अनोळखी मुलांनी मला त्यांच्या संघात घेतलं.

प्रणिता: कुठली मुलं?

पद्मजा: एक नागपूरचा, एक बेळगावचा आणि एक असतो जहाजावर. मी धावायला गेले की माझा खेळाडू डावीकडे वळेचना. कांडी अडकलेली ना! सारखा उजवीकडे उजवीकडे जाऊन मैदानाबाहेर. तेव्हा ते म्हणाले, तू आपला गोलमध्ये उभा राहा. राहिले. आणि सांगू का प्रणिता, मी उभी राहिले की बॉल आत जात नाही.

प्रणिता: उभा राहा? म्हणजे त्यांना...

पद्मजा: मी काही बोलत नाही ना. नुसतं ‘हो’ आणि ‘ठीक’ टाइप करते. पद्मा चौपन्न असं नाव आहे माझं. त्यांना वाटतं चौपन्न हा जर्सीचा नंबर आहे. पद्माभाई म्हणतात मला.

प्रणिता: अगं आई गं.

पद्मजा: तर आता ते तिघं नव्या मशीनवर जाणार. नवा खेळ जुन्यावर चालत नाही. रविवारी पहिला सामना आहे. नागपूरवाल्यानं लिहिलंय, पद्माभाई, तू पण घे, नाहीतर आम्हाला दुसरा गोलकीपर बघावा लागेल. शेवटी हात जोडलेलं चित्र टाकलंय. चांगल्या घरचा आहे.

प्रणिता: मग घ्या की! दुकान तुमचंच हाय.

पद्मजा: तेच तर. दुकान आपलं आहे, म्हणून तर घेता येत नाही. दुकानदाराच्या घरात वस्तू कशा येतात, तुला माहीत नाही. माझ्या स्वयंपाकघरातला मिक्सर बघितलायस?

प्रणिता: जांभळा.

पद्मजा: तो रंग रोह्यात कोणी घेतला नाही, म्हणून घरी आला. फ्रिजला पोचा आहे. टीव्हीचं स्टँड वाटेत हरवलं, म्हणून तो पाटावर उभा आहे. वॉशिंग मशीन धुणं झालं की गाणं म्हणतं आणि मध्येच थांबतं, उरलेलं गाणं मी म्हणते. अठ्ठावीस वर्षांत त्या घरात एकही वस्तू विकत आलेली नाही. जे खपत नाही ते येतं. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे.

प्रणिता: म्हणजे हा पीस न खपला तरच...

पद्मजा: बरोबर. किंमत वाढली तेव्हा मी देवाला साखर ठेवली. म्हटलं, आता काही कोणी घेत नाही. पेपरात पण तज्ज्ञ म्हणालेत, खप पडणार. कसले तज्ज्ञ! चार दिवसांत चार माणसं आली. रोह्यात एवढा पैसा कधी आला गं?

प्रणिता: फोन वाजतोय. आपल्या पेणच्या दुकानातनं, मोठ्या काकू.

पद्मजा: स्पीकरवर लाव.

जाऊबाई: पद्मजा, ऐक. पेणला आलेला पीस गेला. हमरापूरच्या एका मूर्तीवाल्यानं मुलीसाठी नेला. गणपती बोटीनं परदेशी गेलेत, खूश आहे माणूस. आता अजून एक गिऱ्हाईक आलंय. रोह्याचा पीस आहे ना तुझ्याकडे?

पद्मजा: आहे. म्हणजे काय वहिनी, पडूनच आहे. किंमत वाढल्यापासून इथं कोणी बघतसुद्धा नाही त्याच्याकडे.

जाऊबाई: छान. मग पाठव इकडे.

पद्मजा: नाही, तसे बघतात.

जाऊबाई: बघतात, तर घेत का नाहीत?

पद्मजा: घेतील. विचार करतायत. रोह्याची माणसं विचार करून घेतात.

जाऊबाई: पेणची माणसं पैसे देऊन घेतात. पाठव.

पद्मजा: वहिनी, तो... ठरलाय तो. बुक झालाय.

जाऊबाई: आत्ता म्हणालीस कोणी बघत नाही.

पद्मजा: न बघताच बुक केला.

जाऊबाई: कोणी?

पद्मजा: कोलाडचे एक आहेत. बाबाजी म्हणून.

जाऊबाई: बाबाजी काय? आडनाव?

पद्मजा: सगळे नुसतं बाबाजीच म्हणतात.

जाऊबाई: वय किती या बाबाजींचं?

पद्मजा: चौपन्न.

जाऊबाई: आणि ॲडव्हान्स?

पद्मजा: शब्द दिलाय.

जाऊबाई: शब्द! इथं माणूस मूर्ती ठरवायची असली तरी घरचा पाट आणून ठेवतो कारखान्यात. तुझा बाबाजी कोलाडात बसून शब्द देतोय. एक सांगू? मला आज रोह्याला यायचंच होतं. मी निघते. समोरासमोर बोलू.

प्रणिता: ठेवला त्यांनी. काकू, आता?

पद्मजा: आता तू कोलाडला जा आणि चौपन्न वर्षांचा एक बाबाजी घेऊन ये.

(दीड तासानंतर. जाऊबाई पेणहून आल्या आहेत आणि दुकानातल्या पंख्याखाली बसून पदरानं वारा घेतायत.)

जाऊबाई: रस्ता म्हणायचा का हा! माझी हाडं नागोठण्यालाच राहिली. प्रणिता, पाणी दे गो बाय. आणि तो पीस दाखव.

प्रणिता: इस्त्र्यांच्या मागं हाय.

जाऊबाई: मागं का?

पद्मजा: सुरक्षित असतो.

जाऊबाई: आणि हे वर कॅलेंडर? जाऊ दे. तुला माहितेय, पेणला माझ्याकडे गिऱ्हाईक कोण आलंय ते? आलंय कसलं, फोन आलाय. धाटावच्या कंपनीतला साहेब. तो मला विचारतो, रोह्याच्या बाई म्हणतात गणपतीनंतर किंमत उतरेल, खरं का? आणि म्हणतो, फार प्रामाणिक बाई आहेत, मला जबरदस्तीनं इस्त्री दिली. तुमच्याकडे असला तर मी पेणला येऊन नेतो.

प्रणिता: म्हणजे पीस रोह्याहून पेणला जाणार, आणि रोह्याचा माणूस पेणला जाऊन परत रोह्याला आणणार?

जाऊबाई: हो बाय. असा धंदा चाललाय आपला. पद्मजा, मी भांडायला नाही आले. पण काल रात्री दोघा भावांचं बोलणं झालं. तुझ्या नवऱ्यानंच सांगितलं, रोह्यात महागडी वस्तू हलत नाही, किंमत वाढल्यावर तर नाहीच. यापुढे रोह्याला असले पीस पाठवायचेच नाहीत. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. बास.

पद्मजा: असं ठरलं?

जाऊबाई: ठरत आलंय. म्हणून विचारते, हा बाबाजी खरा आहे का? खरा असेल तर बोलाव. वाढलेल्या किमतीला रोह्यात एक जरी पीस गेला, तर मी दोघांना गप्प करते. मला तुझं दुकान इस्त्र्यांचं झालेलं नकोय.

पद्मजा: बाबाजी नाहीये, वहिनी.

जाऊबाई: ते मला फोनवरच कळलं. माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, सगळं कोलाड मला माहीत आहे. मग आहे कोण?

पद्मजा: मी.

जाऊबाई: तू काय?

पद्मजा: मीच घालवलं त्या साहेबाला. आणि बाकीच्या तिघांना. मला हवा होता तो. म्हटलं, किंमत वाढलीय, राहील पडून, मग येईल घरी. जसं सगळं येतं तसं.

जाऊबाई: तुला? तू काय करणार त्याचं?

पद्मजा: मी गोलकीपर आहे.

जाऊबाई: कोण?

पद्मजा: मी.

जाऊबाई: कुठं?

पद्मजा: नागपूर, बेळगाव आणि एका जहाजावर.

जाऊबाई: प्रणिता, हिला ताप आहे का बघ.

प्रणिता: नाय काकू, खरं हाय. बॉल आत जाऊ देत नाय त्या.

जाऊबाई: आणि भावजींना माहीत आहे?

पद्मजा: त्यांना वाटतं मी दुपारी हिशेब करते. परवा ओरडले, काय गं, हिशेबात एवढा टाळ्यांचा आवाज कसला?

जाऊबाई: देवा रे. म्हणजे चौपन्नाव्या वर्षी तू...

पद्मजा: बोला वहिनी, काय बोलायचं ते बोला. माझं स्वतःला बोलून झालंय. साप निघतात का म्हणून विचारलं मी गिऱ्हाइकाला, अजून काय राहिलं? पण खरं सांगू? त्या तासाभरात मला कोणी विचारत नाही, जेवायला काय आहे. मी उभी असते आणि सगळा संघ माझ्या भरवशावर पुढं गेलेला असतो. रविवारी मी नसले, तर तिथं दुसरा कोणी उभा राहील. एवढंच आहे. फार मोठं काही नाही.

जाऊबाई: पाणी दे गो अजून एक.

पद्मजा: रागावलात?

जाऊबाई: माझा ओव्हन माहितेय ना तुला?

पद्मजा: दार दोरीनं बांधता तो?

जाऊबाई: तोच. बारा वर्षं झाली. दरवर्षी दुकानात नवे येतात. दरवर्षी मी एकावर नजर ठेवते आणि मनात म्हणते, हा काही खपत नाही. आणि दरवर्षी दिवाळीत मीच विकते तो. चांगला आहे म्हणून सांगून.

पद्मजा: तुम्ही विकता तरी. मी गिऱ्हाइकं पळवते.

जाऊबाई: आपण दोघींनी न खपलेल्या मालावर संसार केला गो.

पद्मजा: मीसुद्धा तशीच आले की घरात. तीन स्थळांनी उंची बघून परत पाठवलेली.

जाऊबाई: ठाऊक आहे. सासूबाईंना मीच सांगितलं होतं, पीस उत्तम आहे, फक्त जरा उंच आहे.

पद्मजा: तुम्ही सांगितलंत?

जाऊबाई: मग काय! आणि तुझा नवरा तरी कुठं पेटीबंद होता? बरं, ते असू दे. मला हे सांग, हा पीस खपण्यासारखा आहे की नाही?

पद्मजा: आहे. तेच तर दुःख आहे.

जाऊबाई: मग तो न खपता तुझ्या घरी कसा येईल? जन्मात येणार नाही. त्याला एकच रस्ता आहे. तुझ्याकडे तुझे स्वतःचे पैसे आहेत का?

पद्मजा: आहेत. भाऊबीजेचे. भाऊ दरवर्षी घालतो ते मी बँकेतच टाकत आलेय. कशाला हात लावायचा, म्हणून नाही लावला.

जाऊबाई: ऊठ तिथनं.

पद्मजा: कुठनं?

जाऊबाई: गल्ल्यामागनं. बाहेर ये, पायरीपाशी जा. मी बसते तिथं. प्रणिता, ते कॅलेंडर काढ आणि खोकं इकडे समोर आण. पुसून आण. हं. आता या, ताई, बसा. काय दाखवू?

पद्मजा: वहिनी, कायतरीच काय.

जाऊबाई: काय दाखवू, ताई?

पद्मजा: तो... गेमचा नवा कन्सोल आहे का?

जाऊबाई: एकच राहिलाय. मागणी फार आहे. किंमत वाढलीय बरं का, आधीच सांगते.

पद्मजा: ऐकलंय. खूपच वाढवलीत हो.

जाऊबाई: आम्ही नाही, कंपनीनं.

पद्मजा: सगळे असंच म्हणतात. गणपतीनंतर उतरेल का?

जाऊबाई: उतरेल, न उतरेल. तुमचा सामना कधी आहे?

पद्मजा: रविवारी.

जाऊबाई: मग?

पद्मजा: घरातलं माणूस म्हणून काही कमी?

जाऊबाई: एक रुपया नाही. कमी केलं तर तो पुन्हा न खपलेला माल होईल. मग घरचं जुनं मशीनच काय वाईट होतं?

पद्मजा: थांबा जरा. मला विचार करू द्या.

प्रणिता: काकू, रोह्याची माणसं विचार करून घेतात ना?

पद्मजा: तू गप्प बस. वहिनी, नव्याला माईक आहे म्हणे. बोलावं लागतं. तिघांना कळेल, पद्माभाई कोण आहे ते.

जाऊबाई: तुम्ही बॉल अडवता ना?

पद्मजा: अडवते.

जाऊबाई: मग त्यांना कळू दे की. बेळगावच्याला काय करायचंय?

पद्मजा: महाग आहे हो पण.

जाऊबाई: आहेच.

पद्मजा: एवढ्यात एक बरा फ्रिज येईल. पोचा नसलेला.

जाऊबाई: येईल. दाखवू का फ्रिज?

पद्मजा: नको.

जाऊबाई: इस्त्री?

पद्मजा: वहिनी!

जाऊबाई: विचारणं माझं काम आहे, ताई. पैसे कसे देणार? हप्ते?

पद्मजा: नाही, एकदम. प्रणिता, तो स्कॅनर सरकव. चष्मा... आहे डोक्यावरच. ही किती शून्यं झाली बघ गं, एखादं जास्त नाही ना?

प्रणिता: बरोबर हाय. दाबा.

पद्मजा: दाबते. थांब जरा. हं, दाबलं.

प्रणिता: आले पैसे! काय मोठ्यानं बोलतो हो हा डबा. चहावाल्यानं वळून बघितलं.

पद्मजा: बघू दे.

जाऊबाई: मी साहेबाला फोन लावते. हॅलो, नमस्कार. पेणच्या दुकानातून बोलतेय. नाही हो, रोह्याचा पीस गेला. आत्ताच. हो, वाढलेल्या किमतीला. नाही, त्या बाईंचा काही दोष नाही, त्यांचा अंदाज चुकला. पुढचा माल? रोह्यालाच येईल, तिथं मागणी आहे. इस्त्री कशी चाललीय? बरं, बरं.

पद्मजा: पेणचे भावजी काय म्हणतील?

जाऊबाई: ते आणि भावजी दोघं म्हणतील, बघ, आम्ही सांगत होतो रोह्यात खपतं. पुरुषांचं काय असतं! आता तू घरी जा. दुकान मी बघते संध्याकाळपर्यंत. हा पाठीमागचा ओव्हन केवढ्याला लावलायस गो?

पद्मजा: त्याच्यावर लिहिलंय, वहिनी. त्यात कमी होत नाही.

प्रणिता: काकू, मोठी काळी पिशवी हाय मागं. तीत बसेल खोकं. घालू?

पद्मजा: नको. असंच दे हातात. बाजारातनंच जाते मी.